कमी विजेचा दिवा: लाभ व हानि यांचा ताळेबंद

घरांतील दिवा हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येणें साहजिक आहे. बी-बियाणें, खतें, पिकांवरील रोग व बाजारभाव हे विषय सोडून दिव्याकडे कां वळावें? त्यास उत्तर असें कीं, ज्या विजेवर आपल्या विहिरीवरील पंप चालतो, त्याच विजेवर घरांतील दिवा जळतो. तिन्हीसांजेपासून रात्रीं दहापर्यंत लक्षावधि घरांतील दिवे एकदम लागतात व त्याच वेळीं विजेची ओढाताण सर्वांत अधिक होते. अलीकडे सूर्यशक्तीची वीज पुष्कळ वाढली आहे. परंतु सूर्य मावळला कीं ती बंद होते, आणि संध्याकाळचा सारा भार कोळशावर व धरणांच्या पाण्यावर येऊन पडतो. तुटवडा पडला म्हणजे पहिली कात्री कोणाच्या पुरवठ्यावर चालते, हें खेड-मावळांतील शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. यास्तव दिव्याचा हिशेब हा शेताच्याही हिशेबांत येतो.

प्रथम दिव्यांच्या जाती ओळखूं. एडिसननें १८७९ सालीं जो तारेचा दिवा यशस्वी करून दाखविला, त्यांत विजेनें बारीक तार तापून पांढरी होते व तिच्यापासून उजेड मिळतो. हा खरें पाहतां उष्णतेचा दिवा होय. त्यास दिलेल्या विजेपैकीं शेंकडा पांच-सात भागच उजेडाच्या रूपानें बाहेर पडतात. बाकी सर्व उष्णतेंत जातात. शंभर पायली धान्य दळावयास द्यावें आणि पांच-सात पायल्या पीठ घरीं आणावें, असा हा व्यवहार आहे. त्यानंतर वांकड्या नळीचा सी.एफ.एल. दिवा आला. त्याच्या नळींतील पाऱ्याच्या वाफेंतून वीज गेली म्हणजे अदृश्य किरण निघतात व नळीच्या आंतील पांढऱ्या लेपावर पडून त्यांचा उजेड होतो. तिसरी जात एल.ई.डी.ची. यांत तापणारी तार नाहीं व पाराही नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या टिकलीएवढ्या तुकड्यांतून वीज जातांच तो स्वतः प्रकाशतो. लाल व हिरव्या टिकल्या पूर्वींच निघाल्या होत्या. परंतु तेजस्वी निळी टिकली साधेपर्यंत घरांत वापरण्याजोगा पांढरा उजेड मिळेना. ती अडचण अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांनीं दूर केली व त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां जमाखर्च मांडूं. जुना ६० वॉटचा तारेचा दिवा देतो तेवढा उजेड ९ वॉटचा चांगला एल.ई.डी. देतो. पांच दिव्यांचें घर घ्या व प्रत्येक दिवा रोज पांच तास जळतो असें धरा. जुन्या दिव्यांस रोज दीड युनिट, म्हणजे महिन्यास ४५ युनिट लागतील. त्याच जागीं एल.ई.डी. असतील तर महिन्यास पावणेसात युनिट पुरतील. ३८ युनिट वांचले. युनिटास सरासरी सहा रुपये धरले, तर महिन्यास सुमारें सव्वादोनशें रुपये घरांत राहतात. दिवा शंभर रुपयांस एक या भावानें घेतला, तरी पांच दिव्यांचे पांचशें रुपये अडीच महिन्यांच्या आंत भरून येतात. एवढ्या लवकर भांडवल परत देणारी दुसरी जिन्नस शेतकऱ्याच्या घरांत क्वचितच असेल. शिवाय घरगुती विजेचा दर पायऱ्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांस कमी व पुढील युनिटांस चढता दर पडतो. ज्याचा वापर शंभरीच्या किंचित् वर जात असेल, त्याचे वांचलेले युनिट हे महाग पायरीवरचेच असतात.

परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. ज्यांच्या घरीं आधींच १५ वॉटचे सी.एफ.एल. आहेत, त्यांची बचत प्रत्येक दिव्यामागें अवघी सहा वॉट, म्हणजे पांच दिव्यांस महिन्यास साडेचार युनिट एवढीच होते. त्यांस भांडवल फिटण्यास दीड वर्ष लागेल. तेव्हां चालू सी.एफ.एल. काढून टाकण्याची घाई करूं नये. ती जळेल तेव्हां तिच्या जागीं एल.ई.डी. लावावा. विक्रेता हा भेद सांगत नाहीं. आपण तो समजून घ्यावा.

हा दिवा स्वस्त कसा झाला, हेंही पाहण्याजोगें आहे. २००९ सालच्या बचत लॅम्प योजनेंत जुना दिवा घेऊन १५ रुपयांस सी.एफ.एल. देण्याचें ठरलें. पुढें ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें एल.ई.डी. दिव्यांची योजना सुरू केली; तीच उजाला योजना. २०१४ सालीं एल.ई.डी. दिव्याची घाऊक सरकारी खरेदी सुमारें ३१० रुपयांस होत असे, ती २०१६ सालीं ३८ रुपयांवर आली. एकानें एक दिवा मागितला असतां दुकानदार भाव उतरवीत नाहीं. कोट्यवधि दिव्यांची मागणी एकत्र केली म्हणून भाव उतरला. या योजनेंत ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. २०२१ सालच्या ग्राम उजाला योजनेंत खेड्यांतील घरांस दहा रुपयांस दिवा मिळाला. परंतु पहिल्या टप्प्यांत महाराष्ट्रांतून नागपूर जिल्ह्याचीच निवड झाली. एकत्र खरेदीचा हा धडा सहकारी संस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्या लोकांस नवा नाहीं. आपण खत-बियाण्यांत तो गिरवितों, दिव्यांत मात्र विसरतों.

दिव्याच्या बचतीचें सार्वजनिक महत्त्व किती, हें आपल्याच भागांतील एका प्रसंगावरून कळेल. २००५ च्या पुढील कांहीं वर्षें महाराष्ट्रांत भारनियमनानें कहर केला होता. २००६ सालीं पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांस सुमारें ९० मेगावॉट वीज कमी पडत होती. तेव्हां उद्योगपतींच्या संघटनेनें असा तोडगा काढिला कीं, ज्या कारखान्यांजवळ स्वतःचीं जनित्रें आहेत त्यांनीं तीं टंचाईच्या वेळीं चालवावीं, त्यामुळें वांचलेली वीज शहरास द्यावी व या महाग विजेचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांवर अधिभार लावून भरून काढावा. वीज नियामक आयोगानें त्यास संमति दिली व दोन्ही शहरें भारनियमनांतून सुटलीं. तोडगा कल्पक होता यांत शंका नाहीं. परंतु शहराच्या वेशीबाहेर, चाकण-राजगुरुनगरच्या बाजूस काय झालें? तेथील वाड्या-वस्त्या पूर्वींप्रमाणेंच तासच्या तास अंधारांत राहिल्या.

आतां साधें गणित करा. ६० वॉटच्या जागीं १५ वॉटचा सी.एफ.एल. लावला तर ४५ वॉट वांचतात. ९० मेगावॉट वांचविण्यास संध्याकाळीं एकाच वेळीं जळणारे वीस लाख दिवे बदलावे लागतील. हा आंकडा मोठा खरा. परंतु दोन मोठ्या शहरांतील घरें, दुकानें व कचेऱ्या यांचा विचार केला, तर सर्व नाहीं तरी त्यांतील बराच भाग साधण्यासारखा होता. डिझेल जाळून तुटवडा भरून काढण्यास पैसा दरमहा लागतो. दिवा एकदां बदलला कीं तो वर्षानुवर्षें काम देतो. तेव्हां दिव्यांतील काटकसर ही गरिबाची चिकटपणाची युक्ति नसून वीज उत्पन्न करण्यासारखेंच काम आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

शिवाय वीज कोठून येते याचा विसर निदान आपल्या भागास तरी पडूं नये. १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें तें मावळांतील वळवण, शिरवटा येथील तलावांच्या पाण्यावर. पुढें १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा. भिऱ्याच्या वीजघरासाठीं मुळशीचें धरण झालें, आणि त्या धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं १९२१ पासून सत्याग्रह केला. पूर्वेस वाहणारें पाणी घाटाखालीं वळवून मुंबईचे दिवे व गिरण्या चालल्या. ज्यांचीं भातखाचरें बुडालीं त्यांच्या कित्येक वस्त्या पुढें दीर्घकाळ रॉकेलच्या चिमणीवर राहिल्या. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. सध्यां आपल्या घरीं येणाऱ्या विजेचा मोठा भाग कोळशाचा आहे. एका युनिटामागें सुमारें दोनतृतीयांश किलो कोळसा जळतो. वरील ३८ युनिट वांचले म्हणजे दरमहा पंचवीस किलो कोळसा वांचला. तो काढतांना कोणाची तरी जमीन खणली जाते व त्याची राख कोणाच्या तरी शेतावर उडते. शेतकऱ्यानें शेतकऱ्याची जमीन वांचविण्याचा हा एक मार्ग आहे.

येथवर जमेची बाजू झाली. आतां नांवेची बाजू पाहूं. पहिला दोष टिकाऊपणाचा. वेष्टणावर २५,००० तास असें छापलेलें असतें. रोज पांच तास जाळला तर असा दिवा साडेतेरा वर्षें चालावयास हवा. प्रत्यक्षांत कित्येक दिवे दुसऱ्या वर्षींच लुकलुकूं लागतात. टिकली सहसा जळत नाहीं; तिच्या बुडाशीं वीज योग्य प्रमाणांत देणारें जें छोटें यंत्र असतें, तें जळतें. त्यांतील कपॅसिटर उष्णतेनें व विजेच्या धक्क्यानें खराब होतो. आपल्या खेड्यांत पंप चालू असतांना दाब खालीं जातो व पंप बंद होतांच एकदम चढतो. वळवाच्या पावसांत विजांचा धक्का तारांवरून घरांत येतो. यास्तव स्वस्त दिवा आपल्याकडे शहरापेक्षांही लवकर मरतो. तसेंच बंद कांचेच्या हंडींत एल.ई.डी. बसवूं नये, त्याची उष्णता बुडाकडून बाहेर पडते, ती कोंडली म्हणजे दिव्याचें आयुष्य घटतें.

दुसरा दोष नकली मालाचा. दिवे तयार करणाऱ्यांच्या संघटनेनें २०१७ सालीं मुंबई, दिल्ली, अहमदाबाद व हैदराबाद येथील दुकानांची पाहणी करविली, तेव्हां तपासलेल्या एल.ई.डी. दिव्यांच्या छापांपैकीं शेंकडा ७६ छाप सुरक्षिततेच्या नियमांत बसत नव्हते असें आढळलें. पाहणी करविणारे स्वतः व्यापारी होते, हें ध्यानांत ठेवूनही हा आंकडा हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आठवडे-बाजारांत पथारीवर मिळणारा बिननांवाचा दिवा घेऊं नये. वेष्टणावर भारतीय मानक ब्यूरोची खूण व नोंदणी क्रमांक, ऊर्जा बचतीचे तारे, उजेडाचें माप म्हणजे ल्युमेन, व किती वर्षांची हमी, एवढें पाहावें. नऊ वॉटच्या दिव्यानें सुमारें ९०० ल्युमेन उजेड द्यावा. वॉटवर भाव करणारा फसतो; ल्युमेनवर भाव करणारा सहसा फसत नाहीं. पावती घ्यावी व जपून ठेवावी. पावतीवांचून हमी म्हणजे साक्षीवांचून खरेदीखत.

तिसरा दोष सी.एफ.एल. पुरता आहे, परंतु शेतकऱ्यास तो सर्वांहून महत्त्वाचा. प्रत्येक नळींत कांहीं मिलिग्रॅम पारा असतो. दिवा जळत असेपर्यंत त्यापासून भय नाहीं. फुटला म्हणजे आहे. जळलेल्या नळ्या आपण कोठें टाकतों? उकिरड्यावर. उकिरडा कोठें जातो? शेतांत. पारा कुजत नाहीं व जमिनींतून नाहींसाही होत नाहीं. जपानांत मिनामाता येथें कारखान्यानें समुद्रांत सोडलेल्या पाऱ्यानें मासे विषारी झाले व ते खाणारे लोक आयुष्यभरासाठीं पंगु झाले. १९५६ सालीं तो रोग उघडकीस आला. त्याच गांवाच्या नांवानें २०१३ सालीं राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला, आणि २०२२ सालीं करारांतील राष्ट्रांनीं घरगुती सी.एफ.एल.चें उत्पादन २०२५ पर्यंत बंद करण्याचें ठरविलें. एका नळीनें मिनामाता होत नाहीं हें खरें. परंतु गांवच्या सर्व नळ्या दरवर्षीं खताच्या खड्ड्यांत जाऊं देणें शहाणपणाचें नव्हे. ई-कचऱ्याच्या नियमांत या दिव्यांचा समावेश आहे. घरांत नळी फुटलीच तर खिडक्या उघडाव्या, लेंकरांस दूर ठेवावें, तुकडे केरसुणीनें न झाडतां जाड कागदानें उचलावे व बंद बरणींत भरावे.

चौथी गोष्ट दोषाची नव्हे, अनुचित उपयोगाची. तारेच्या दिव्याची उष्णता घरांत वायां जात असली, तरी कोंबड्यांच्या पिलांस तीच ऊब असते. पहिल्या आठवड्यांत पिलांस सुमारें ३३ ते ३५ अंश उष्णता लागते, तेथें एल.ई.डी. लावून वीज वांचविणारा पिलें गमावील. अंड्यांवरील कोंबड्यांस मात्र ऊब नको, लांब दिवस हवा, तेथें एल.ई.डी. उत्तम. शेवंतीस दिवस लहान झाल्यावांचून कळी धरत नाहीं. म्हणून हरितगृहांत रात्रीं दिवे लावून तिची वाढ चालू ठेवितात. जुन्या दिव्यांत तांबडे किरण भरपूर असतात, पांढऱ्या एल.ई.डी.त ते कमी. तेव्हां एकदम सर्व दिवे न बदलतां दोन वाफ्यांवर आधीं प्रयोग करावा. पांढऱ्या एल.ई.डी.त अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून घरांत किडे कमी येतात. परंतु त्याच कारणानें हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठीं लावलेल्या प्रकाश-सापळ्यास तो साधा दिवा चालत नाहीं, त्यासाठीं निराळाच दिवा घ्यावा लागतो. आणखी एक: बांधावरील खांबाचा दिवा रात्रभर सोयाबीनवर पडत राहिला, तर तेवढ्या पट्ट्यांतील पीक हिरवेंच राहतें व उशीरा पिकतें. दिव्यास वरून झांपण लावून उजेड रस्त्यावरच पाडावा.

आतां एका नाजूक विषयास हात घालणें प्राप्त आहे. भोसरी, मोशी, तळवडें, महाळुंगें, खराबवाडी, नाणेकरवाडी या गांवांतील आपले कित्येक बंधु शेतकरी असून घरमालकही झाले आहेत. जमीन कारखान्यांस गेली, आलेल्या पैशांतून खोल्या बांधल्या, व त्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार येथून आलेले कामगार राहतात. दिवा मालकानें लावावयाचा व बिल भाडेकऱ्यानें भरावयाचें, असा प्रघात पडला आहे. मग मालक स्वस्तांतला, वीज खाणारा दिवा लावतो. कारण खर्च त्याच्या खिशांतून जात नाहीं. त्यांतच दहा खोल्यांस मिळून एकच मुख्य मीटर असला, तर एकूण वापर महाग पायरीवर जातो व महिन्यास वीस युनिटहि न जाळणारा कामगार बंगलेवाल्याच्या दरानें पैसे भरतो. हा न्याय नव्हे. आपल्या पूर्वजांची जमीन घेतांना ज्यांनीं हिशेब नीट केला नाहीं, त्यांजबद्दल आपण आजही बोलतों. मग आपल्या दारीं भाड्यानें राहणाऱ्याचा हिशेब तरी आपण चोख ठेवावा. खोलीगणिक निराळा मीटर मागावा, आणि एक चांगला एल.ई.डी. मालकानें स्वखर्चानें लावून द्यावा. शंभर रुपयांत भाडेकऱ्याचा दुवा मिळत असेल, तर तो सौदा महाग नाहीं.

शेवटचा आक्षेप मनुष्यस्वभावाचा आहे. इंग्लंडांतील जेव्हन्स नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालींच दाखवून दिलें होतें कीं, यंत्र सुधारून कोळसा कमी लागूं लागला म्हणजे एकूण कोळसा कमी न खपतां अधिकच खपतो. दिव्याचेंही तसेंच होतें. जुना दिवा आपण खोलींतून बाहेर पडतांना मालवीत असूं. आतां "नऊच वॉट तर आहे" म्हणून ओसरी, गोठा, अंगण व फाटक येथें तो रात्रभर जळतो. एका दिव्याच्या जागीं सहा झाले कीं बचत संपली. आणि पंपाचें काय? पांच अश्वशक्तीचा एक पंप चालतो तेवढ्या विजेवर नऊ वॉटचे चारशेंहून अधिक दिवे जळतात. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस राज्य सरकारनें बिल माफ केलें आहे. त्यामुळें दिव्याचा हिशेब पैशापैशानें करणारा मनुष्य स्वयंचलित स्टार्टर लावून झोंपी जातो, आणि वीज येतांच शिवारांतील सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्र जळतें. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ही म्हण याच व्यवहारास लागू पडते.

तेव्हां सारांश काय? तारेचा दिवा घरांतून निवृत्त करावा. ऊब हवी तेथेंच तो ठेवावा. सी.एफ.एल. असेल तर ती जळेपर्यंत वापरावी, मग उकिरड्यावर न टाकतां वेगळी ठेवावी. एल.ई.डी. घ्यावा, परंतु खूण, ल्युमेन व हमी पाहून. लेंकरांच्या अभ्यासास स्वच्छ पांढरा व निजण्याच्या खोलींत मंद पिवळसर उजेड निवडावा; निळसर उजेड रात्रीं झोंप उडवितो. दिवा कितीही काटकसरीचा असला तरी मालविलेला दिवा त्याहून काटकसरीचा, हें मुलांस शिकवावें.

आपल्या संस्थेस दोन सूचना करतों. वर्षांतून एकदां, दिवाळीपूर्वीं, सभासदांची मागणी एकत्र करून चांगल्या प्रतीचे दिवे घाऊक भावानें आणावे व हमीची जबाबदारी पुरवठादाराकडून लिहून घ्यावी. आणि खतांच्या गोदामाशेजारीं नव्हे, तर निराळ्या कोपऱ्यांत एक झांकणाची पेटी ठेवून त्यांत गांवचे जळके सी.एफ.एल. व ट्यूब जमा कराव्या व अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याच्या स्वाधीन कराव्या. यांस मोठा निधि लागत नाहीं, सरकारची परवानगीही नको. एक वही, एक पेटी व एक जबाबदार मनुष्य पुरेसा आहे. पुढील वार्षिक सभेंत कोणी सभासदानें हा ठराव मांडावा. त्यास अनुमोदन देणारे पुष्कळ निघतील असा मला भरंवसा वाटतो.